तारप्याचा भोपळा

माझ्या नवऱ्याला मुंबईच्या समुद्रानं नेलं, असं आमच्याकडे सांगतात. खोटं आहे ते. समुद्र बिचारा आपल्या जागी होता. आम्हालाच तिथे नेलं होतं, एका शिडाच्या जहाजापुढे नाचायला.

मी बोलते आहे आणि नातू लिहितो आहे. शाळेत मास्तर आहे तो. माझी गावठी बोली पुसून पुसून शुद्ध करतो. करू दे बापडा. पण जिथे मी रागावते तिथे मला गोड करायचं नाही, हे मी त्याला आधीच बजावून ठेवलं आहे. या वयात माझ्याकडे रागाशिवाय दुसरं काय शिल्लक आहे?

आमचा पाडा जव्हार संस्थानाच्या हद्दीतला, खोडाळ्याला जाणाऱ्या वाटेवर डोंगराच्या कुशीत वसलेला. राजाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. खाली खाचरांत भात, वर उतारावर नागली, आणि मीठ-मिरचीला खोडाळ्याचा बाजार. माझा नवरा तारपकरी होता. तारपा म्हणजे वाळवलेला दुधी भोपळा, त्याला बांबूच्या दोन नळ्या मेणानं चिकटवलेल्या, आणि टोकाला ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला मोठा कर्णा. भोपळ्याच्या देठाकडून फुंकायचं. फुंकणाऱ्याचा श्वास तुटता कामा नये. गालात हवा धरून नाकानं आत ओढायची आणि तोंडानं सोडत राहायची. माझा नवरा एकदा धरायचा तो पोरं पेंगायला लागेपर्यंत सोडायचा नाही. खोडाळ्यापासून जव्हारपर्यंत त्याच्यासारखा वाजवणारा नव्हता. बायको म्हणून नाही सांगत. बायको म्हणून सांगायचं तर तो आळशी होता, नांगराला हात लावताना त्याच्या कपाळाला आठी पडायची.

आमच्या नाचाचे नियम असे. तारपकरी मधे, आणि आम्ही बाया-पुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती फिरायचं. पुढे काठीवाला असतो, तो काठी आपटून ठेका देतो. तोंड कायम तारप्याकडे. तारप्याला पाठ करायची नाही, काही झालं तरी नाही. आणि तारपा मधेच थांबला, तर जिथे आहात तिथे उभं राहायचं, हात सोडायचे नाहीत. तो दुसरी चाल धरतो तोवर वाट बघायची. हे कुणी कुणाला शिकवत नाही. आईच्या कडेवर असतानाच अंगात मुरतं.

आता माझ्या सासूचं सांगते. तिला मी आत्या म्हणायची. तिला दोन मुलगे. थोरला पोर असताना नदीच्या डोहात बुडाला. आमची सगळी पोरं त्याच डोहात डुंबतात, त्याचाच पाय कुठे अडकला कोण जाणे. त्या दिवसापासून तिनं धाकट्याला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, पाण्यात पाय घालू दिला नाही. अंघोळ ओट्यावर, लोटक्यानं. बरोबरीची पोरं डोहात उड्या मारायची आणि हा काठावर बसून बांबूच्या नळ्या कोरायचा. असा तो तारपकरी झाला. पुढे बाप्या झाला तरी पावसाळ्यात ओढा ओलांडताना माझा हात घट्ट धरायचा. मी चिडवायची, "नवरा तू हायेस का मी?" तो म्हणायचा, "पलीकडं गेल्यावर सांगतो." आणि पलीकडे गेला की हात सोडून ऐटीत पुढे चालायचा.

भात कापणीला आलं होतं तेव्हा दरबारचा कारकून पाड्यावर आला. दमलेला, काळी टोपी घामानं पांढरी झालेली. राजेसाहेबांना त्या भानगडीचं काही ठाऊक नव्हतं, हे मी आधीच सांगते. मुंबईचा कुणी शेट होता. त्याच्या आगबोटी होत्या. परदेशातून मोठं शिडाचं जहाज बंदरात यायचं असलं की हा शेट हौशी लोकांना आगबोटीत बसवून जहाजाला सामोरं न्यायचा. बॅंड वाजवायचा, रुमाल हलवायचे, फराळ करायचा आणि जहाजाच्या बरोबरीनं बंदरात परत यायचं, असा त्याचा धंदा. या खेपेला त्याच्या डोक्यात आलं की बोटीवर जंगलचा नाच हवा. त्यानं दरबारातल्या कुणा ओळखीच्याकडे शब्द टाकला. राजा बोले, दळ हाले म्हणतात. आमच्याकडे राजानं बोलायचीही गरज पडत नव्हती, कारकुनानं खाकरलं तरी पाडा हलायचा.

आत्यानं त्याला एकच विचारलं. "तठं पाणी हाय का?"

"बंदर आहे, म्हणजे पाणी असणारच की."

"मग माझा पोर नाय यायचा."

कारकून खाटेवर बसला. वाईट माणूस नव्हता तो, पण त्याच्याही मानेवर कुणीतरी बसलेलं होतं. तो म्हणाला, "तारप्याशिवाय नाच कसला? दुसरा कोण आहे तुमच्यात वाजवणारा?"

दुसरा होता, पण त्याचे पुढचे दात पडले होते, त्याला फुंक धरता येत नव्हती. आमचा काठीवाला म्हणजे माझा चुलतसासरा. तो आमच्या रीतीप्रमाणे साहेबालाही तू म्हणायचा. तो म्हणाला, "तू सांग तुझ्या शेटला, कापणी झाल्यावर येतो. जहाजाला म्हणावं थांब."

कारकून हसला नाही. "जहाज थांबत नाही. तुम्ही नाही आलात तर माझी नोकरी जाईल. आणि पुढचा जो येईल तो तुम्हाला जंगलातून काटकी उचलू देणार नाही. बघा बाबा."

मग कसलं बघतो आम्ही. चूल कशावर पेटवायची?

निघायच्या सकाळी आत्यानं मला घराच्या मागे बोलावलं. मला तेव्हा दिवस गेलेले होते, पण मलाच त्याची नीट खात्री नव्हती, म्हणून मी कुणाला बोलले नव्हते. आत्या म्हणाली, "तू संगं जातेस म्हणून मी तेला सोडते. तेचा हात सोडू नको. जसा नेतेस तसा आण."

"आत्या, नाचताना हात कसा धरू? तो मधे असतो."

"मग डोळा ठेव."

मी हसून म्हटलं, "तेवढं तर आपल्यात हायच की. तारप्याला पाठ कोण करतं? डोळा तेच्यावरच असणार."

तिला ते पटलं. तिचा चेहरा जरा सैल झाला, आणि तिनं फडक्यात बांधलेल्या नागलीच्या भाकऱ्या माझ्या हातात दिल्या. मलाही ते पटलं होतं. आपली रीत आपल्याला सांभाळेल, एवढं साधं होतं ते.

डहाणूच्या स्टेशनापर्यंत आम्ही गाडीवाटेनं चालत गेलो, तिथून आगगाडीनं मुंबईला. मुंबईत शेटच्या गोदामात उतरलो. तिथे खजुराच्या गोण्या होत्या आणि त्यांच्यावर माशा. शेट काही आम्हाला दिसला नाही, शेवटपर्यंत नाही. त्याचा एक मुकादम होता, तोंडात सदा पान. त्यानं आम्हाला बायांना पांढरी, लाल काठाची लुगडी दिली नाचापुरती, आणि पुरुषांच्या डोक्याला बांधायला कोंबड्याची पिसं दिली. आमच्यात पिसं कोण लावतं? काठीवाल्यानं ती गोणीवर फेकली. पण माझ्या नवऱ्यानं एक उचलून मुंडाशात खोचलं आणि मान ताठ करून माझ्यासमोर दोन पावलं टाकली. मी म्हटलं, "कोंबडा झालास की रे. आता खुराड्यात घालते तुला." तो इतका हसला की त्याला ठसका लागला. तेच त्याचं शेवटचं हसू, पण ते तेव्हा कुठे ठाऊक असतं माणसाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पालव्याच्या बंदरावर नेलं. आगबोटीत चढायला फळी टाकली होती. फळीच्या खाली पाणी. नवऱ्याच्या एका हातात तारपा, दुसऱ्या हातात माझा हात. त्याची बोटं गार पडली होती. मी त्या दिवशी चिडवलं नाही. फळीवरून पलीकडे गेल्यावर त्यानं ऐटीत हात सोडलाही नाही.

बोटीवर बडी बडी माणसं होती. पारशी, गोरे, पागोटेवाले, बायकांच्या डोक्यावर छत्र्या. खुर्च्या मांडलेल्या, सोड्याच्या बाटल्या फोडण्याचा आवाज, लांब नळीच्या दुर्बिणी. आमच्याकडे ती माणसं वाकून वाकून बघत होती. एका बाईनं माझ्या गळ्यातली मण्यांची माळ बोटानं उचलून बघितली आणि परत सोडली. मी तशीच उभी. बोट निघाली तशी पायाखालची जमीन डुलायला लागली. नाचता येईना अंगण वाकडं, अशी म्हण आहे. आमचं अंगण त्या दिवशी खरोखरच वाकडं होत होतं. दोघीतिघींना उलट्या झाल्या. मुकादम त्यांच्यावर खेकसला, लुगडी खराब करू नका म्हणून.

मग जहाज दिसलं. सुंदर होतं, खोटं का बोलू? तीन डोलकाठ्या, आमच्या डोंगरातल्या सागांहून उंच, आणि शिडं वरपासून खालपर्यंत वाऱ्यानं फुगलेली. डोलकाठ्यांच्या आडव्या बांबूंवर खलाशी ओळीनं उभे होते, इतक्या उंचावर आणि कशाला न धरता. माझा नवरा म्हणाला, "तेंच्या आया कशा सोडत असतील गं तेंना?"

भांडण इथे सुरू झालं. मुकादम म्हणाला, बोटीच्या जहाजाकडच्या बाजूला एका ओळीत उभे राहा, सगळ्यांची तोंडं जहाजाकडे. जहाजावरच्या लोकांना तुमचे चेहरे दिसले पाहिजेत. वाजवणारा तुमच्या मागे उभा राहील. काठीवाल्यानं मान हलवली. "तारप्याला पाठ नाय."

मुकादमाला वाटलं म्हाताऱ्याला कळलं नाही. त्यानं हातवारे करून पुन्हा सांगितलं. काठीवाला पुन्हा म्हणाला, "तारप्याला पाठ नाय करत आमी." कारकून मधे पडला, त्यांची रीत आहे हो, असं काहीतरी म्हणाला. मुकादमानं त्यालाच झापलं. लोक बघत होते. एकानं विचारलं, हे जंगली अडून का बसले? मुकादमाला घाम फुटला. त्यानं काठीवाल्याच्या हातातली काठी हिसकली आणि तिनंच त्याला ढकलून ओळीत उभं केलं. आमचा म्हातारा, पाड्यात ज्याच्यापुढे कुणी बसत नाही, तो हेलपाटला आणि एका खुर्चीला धरून सावरला. काठीवाल्याच्या हातातून काठी कुणी घेत नाही. त्याचे डोळे भरून आले ते मी पाहिलं.

तेव्हा माझा नवरा पुढे झाला. "मी टोकाला उभा ऱ्हातो," तो म्हणाला. "कठड्यापाशी. तुमी माझ्याकडं तोंड करा. माझ्या मागंच जहाज हाय. तारप्याला पाठ नाय आन् जहाजालाबी नाय. दे तेची काठी."

सगळ्यांचं भागलं. मुकादमानं काठी परत दिली. बोटीवर ज्यानं त्यानं मान डोलावली. माझ्या नवऱ्याला आयुष्यात कुणी हुशार म्हटलं नव्हतं, ते त्या दिवशी कारकुनानं म्हटलं.

कठड्यात एके ठिकाणी तोड होती, शिडी लावायची जागा. तिथे नुसती साखळी अडकवलेली. बाकी सगळीकडे कठड्याला खेटून खुर्च्या होत्या, उभं राहायला तीच एक जागा. मी त्याला म्हटलं, "मागं साखळीच हाय रे फक्त. तुला भ्या नाय वाटत?"

तो म्हणाला, "पाठ केली की पाणी दिसत नाय. बरंच हाय." मग तारप्याला ओठ लावण्याआधी म्हणाला, "आन् तू हायेस ना समोर. बघत ऱ्हा."

मी बघत राहिले. हे लिही रे, नीट लिही. मी बघत राहिले.

त्यानं तारपा फुंकला. एवढ्या पाण्यावर तो आवाज कसा लागेल असं मला वाटलं होतं, पण लागला. आम्ही कमरेला हात घातले. काठी आपटली, पाय पडले, आणि काही वेळ मी खरंच आमच्या अंगणात होते. जहाज जवळ आलं. आमची आगबोट वळून त्याच्या बरोबरीनं चालायला लागली. लोक उठून उभे राहिले, रुमाल हलायला लागले. तो डोळे मिटून वाजवत होता, गाल फुगलेले, मुंडाशातलं पीस वाऱ्यानं आडवं झालेलं.

मग तोफ उडाली. आमच्याच आगबोटीवर एक छोटी पितळी तोफ होती, आमच्यापासून चार हातांवर. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं, एवढं तोंड तरी हलवायला हवं होतं कुणीतरी. कानांत दडे बसले. एकामागून एक बार निघाले, वरून जहाजानं उलट सलामी दिली, आणि सगळा धूर वाऱ्यानं आमच्यावर आला. कडू, दाट धूर. मला पुढचं काही दिसेना.

तारपा थांबला होता. कान वाजत होते तरी तेवढं कळलं. आम्ही उभे राहिलो. एकमेकांच्या कमरेत हात तसेच. काठीवाल्यानं काठी वर धरली, नवी चाल लागली की आपटायची म्हणून. आमच्यात असंच असतं. तारपा थांबला म्हणजे तारपकरी दम घेतो, दुसरी चाल मनात आणतो. त्याला हाक मारायची नाही, जागा सोडायची नाही. आम्ही वाट बघत होतो. धुरात तोंड करून, शहाण्या माणसांसारखे वाट बघत होतो. मागे लोक टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं हाही नाचाचाच भाग.

धूर विरळ झाला तेव्हा साखळी एका टोकानं लोंबत होती.

मी ओरडले. बॅंड लागला होता, माझा आवाज कुठे जातो त्यात. बोट चालतच होती. तो पडला ती जागा केव्हाच मागे गेली होती, आणि मागे कुणी बघत नव्हतं, सगळी बोट जहाजाकडे बघत होती. वर डोलकाठीवरचे खलाशी टोप्या हलवत होते. मी मुकादमाचा सदरा धरला. कारकून बोट हाकणाऱ्या सारंगाकडे धावला. बोट वळेपर्यंत मी कठड्याला धरून पाण्याकडे बघत होते. पाणी सगळीकडे सारखंच दिसत होतं. आमच्या ओढ्यात कुठे खोल आणि कुठे उथळ ते रंगावरून कळतं. तिथे काही कळत नव्हतं.

एक कोळ्यांचा मचवा समोरून आला. त्यात एक म्हातारा कोळी होता आणि त्याच्या हातात तारपा होता. ताडाची पानं ओली, पण भोपळ्यात पाणी शिरलेलं नव्हतं. त्यानं तो वर दिला. मी त्याला विचारलं, माणूस कुठे आहे? त्यानं पाण्याकडे बघितलं.

"पोरी, आम्ही लांब होतो," तो म्हणाला. "माणूस दोनदा वर आला. भोपळ्याला धरून राहिला असता तर आम्ही पोचलो असतो गं. आमची पोरं भोपळा बांधूनच पोहायला शिकतात. पण यानं तो दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेला. भिजू नये म्हणून वर वर धरत होता. मला कळेना, हा करतोय काय."

मला कळलं. आमच्यातल्या कुणालाही कळलं असतं. तारपा भिजला की मेण सुटतं, नळ्या फुगतात, आवाज जातो. पावसात तारपकरी स्वतः भिजतो आणि तारपा घोंगडीत गुंडाळतो. पाणी म्हणजे काय हे ज्याला कधी कळूच दिलं नाही, त्याला भोपळा तरंगतो हे कुणी सांगावं? त्याच्या दृष्टीनं तो भोपळा वाचवायचा होता. भोपळ्यानं वाचायचं असतं हे डोहात डुंबणाऱ्या पोरांना ठाऊक असतं.

बोटीनं दोन फेऱ्या मारल्या. मग पाहुण्यांचा फराळ राहिला होता, ऊन चढलं होतं. धक्क्यावर मुकादम म्हणाला, प्रेत किनाऱ्याला लागेल, लागलं की दरबारला कळवू. नंतर कधी काही कळवलं नाही. गरज सरो, वैद्य मरो. गोदामात आल्यावर त्यानं आमची लुगडी मोजून परत मागितली. माझ्या लुगड्याला तोफेची काजळी लागली होती, त्याकडे बघून तो चुकचुकला. मी त्याला त्या दिवशी जे बोलले ते नातू लिहायला तयार नाही. जाऊ दे. पण मी बोलले, आणि आजही ते मागे घेत नाही.

कारकून एका गोणीवर डोकं धरून बसला होता. निघताना त्यानं आपल्या खांद्यावरचं उपरणं काढलं आणि मला दिलं, तारपा गुंडाळायला. बोलला असता तर त्यालाही शिव्या खाव्या लागल्या असत्या.

घाट चढून आम्ही परत आलो. खाचरांत भात आडवं पडलेलं. आत्या पाड्याच्या तोंडाशी उंबराखाली उभी होती. रोज उभी राहत असणार. आमची रांग बघून तिनं डोळ्यांवर हात धरला. मग तिला माझ्या कडेवरचं उपरण्यातलं ते दिसलं.

मी तिला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. त्या बाईसमोर लपवून कुठे ठेवणार होते? कोळ्याचं बोलणंही सांगितलं. तिनं मधे एकच विचारलं. "दोन्ही हातांनी?"

"होय आत्या."

तिनं उपरण्याची घडी उलगडून तारपा बघितला. भोपळ्यावरून हात फिरवला. मग तिनं तारप्याकडे पाठ केली आणि घराकडे चालायला लागली. मागे सगळा पाडा उभा होता. आमच्या माणसानं तारप्याला पाठ केलेली कुणी कधी बघितली नव्हती. काठीवाल्यानं खाली मान घातली.

देह नव्हता, म्हणून गवताचा माणूस करून जाळला. तारपा घरात मधल्या खांबाला टांगला. वाजवायला कुणी मागितला नाही. आत्या घरात वावरताना मुद्दाम त्याच्याकडे पाठ करून बसायची. मला ते जमायचं नाही. मी चुलीपुढे तिरकी बसायची, भाकरी एका अंगानं करपायची, पण तारप्याला पाठ होऊ द्यायची नाही. माझा राग होता, तिचा राग होता, आणि एकाच खोलीत दोन राग दोन दिशांना तोंड करून बसलेले. तिनं मला बोल लावला नाही. कापणी उरकल्यावर एकदा निवडता निवडता म्हणाली, "डोळा ठेवला होतास?" मी म्हटलं, "ठेवला होता." "मग झालं," ती म्हणाली. त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही.

मुलगा झाला. चालायला लागला, बोलायला लागला. मी त्याला नदीकडे फिरकू द्यायची नाही. पाण्याचा आवाज आला की उचलून घरात आणायची. ओट्यावर, लोटक्यानं अंघोळ. आत्या ते बघायची.

एका उन्हाळ्यात मी मोहाची फुलं वेचून घरी आले, तर घरात कुणी नाही. खांब रिकामा. खाली जमिनीवर बांबूच्या नळ्या आणि ताडाची पानं पडलेली. चुलीजवळ मेण वितळवलेलं भांडं, अजून कोमट. माझं डोकं फिरलं. नवऱ्याची तेवढी एकच वस्तू होती माझ्याकडे. मी ओरडत नदीकडे धावले. म्हातारीला काय काय म्हणत गेले, ते देवालाच माहीत.

आत्या डोहात उभी होती. त्याच डोहात, कमरेएवढ्या पाण्यात. थोरला गेल्यापासून ती त्या काठावर धुणंसुद्धा धुवायला आली नव्हती. भोपळ्याची भोकं तिनं मेणानं बुजवली होती, आणि भोपळा दोरीनं पोराच्या छातीशी बांधला होता. पोर किंचाळत होतं, दोन्ही हात वर करत होतं.

आत्यानं त्याचे हात धरून खाली आणले. भोपळ्यावर दाबून ठेवले.

"वर नको धरू," ती म्हणाली. "हेला धर. भिजू दे. भिजला तर भिजू दे, माझ्या राजा."

मी काठावर थांबले. शिव्या तोंडातच राहिल्या. तिनं हळूच आपला हात काढून घेतला. पोर रडत होतं, पण तरंगत होतं.